बास वाढवला की अ‍ॅम्प बंद पडतो: पार्ट बदलण्याआधी व्होल्टेज ड्रॉप मोजा

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या अ‍ॅम्पची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची, तक्रार साधारण अशी असते. आवाज मध्यम असेपर्यंत सगळं सुरळीत. आवाज वाढवला आणि दणदणीत बास आला की वूफर (बासचा स्पीकर) एकदम गप्प. अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, दोन-चार सेकंदांनी अ‍ॅम्प आपोआप सुरू होतो आणि पुढच्या बासला पुन्हा तेच. रात्री गाडी चालवत असाल तर त्याच ठोक्यावर हेडलाइट मंद होतानाही दिसतात. इंजिन बंद ठेवून गाणी लावली तर त्रास जास्त, इंजिन चालू असताना जरा कमी.

यावर होणारे उपायही ठरलेले. आधी अ‍ॅम्प बदलला जातो, मग बॅटरी, मग कोणीतरी कपॅसिटर (थोडा विद्युतभार साठवणारा पार्ट) सुचवतं. प्रत्येक उपायानंतर काही दिवस बरं चालतं आणि दुखणं परत येतं. हे ‘काही दिवस बरं’ फार फसवं आहे. अ‍ॅम्प बदलताना जुन्या वायरी सोडून परत आवळल्या जातात, त्यामुळे गंजलेला किंवा सैल जोड तेवढ्यापुरता सुधारतो. श्रेय नव्या अ‍ॅम्पला मिळतं, आणि जोड पुन्हा बिघडला की नव्या अ‍ॅम्पलाच दोष लागतो. माझं मत स्पष्ट आहे: या लक्षणात मल्टिमीटर लावण्याआधी एकही पार्ट विकत घेऊ नये. बऱ्याच गाड्यांमध्ये दोष अ‍ॅम्पच्या अर्थ जोडात, म्हणजे त्याची मायनसची वायर गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेली असते तिथे, सापडतो.

आत नेमकं काय होतं

अ‍ॅम्पला चालायला ठरावीक व्होल्टेज लागतं. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू झालं की ऑल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये पुरवठा १० ते १०.५ व्होल्टच्या खाली गेला की संरक्षण सर्किट अ‍ॅम्प बंद करतं. बंद झाल्यावर करंट थांबतो, करंट थांबला की व्होल्टेज परत वर येतं, आणि अ‍ॅम्प ‘सगळं ठीक आहे’ असं समजून सुरू होतो. चालू-बंदचं हे चक्र तिथूनच येतं.

आता करंट किती वाहतो ते पाहू. ५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग ५०० वॉट देऊ शकणारा, क्लास डी अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला बॅटरीकडून सुमारे ६२५ वॉट घ्यावे लागतात. १३.८ व्होल्टला हे झाले ४५ अँपिअर. क्लास एबी, म्हणजे कमी कार्यक्षम प्रकारचा, असेल तर त्याच आवाजाला याहून बराच जास्त. ४५ अँपिअर ज्या जोडातून जातात त्या जोडाचा रोध फक्त २० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग असला, तरी तिथे ०.९ व्होल्ट गळतात. आणि त्याच जागी सुमारे ४० वॉट उष्णता तयार होते, जवळपास एका सोल्डरिंग आयर्नइतकी. म्हणून खराब जोड आधी गरम होतो, तापून काळा पडतो, काळा पडल्यावर त्याचा रोध आणखी वाढतो. दुखणं हळूहळू बळावत जातं ते यामुळे.

ओहममध्ये मोजून हे का सापडत नाही

इथे चांगले अनुभवी लोकही चकतात. मीटर ओहमवर ठेवून एक प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरा बॉडीला लावतात. मीटर ०.३ किंवा ०.४ ओहम दाखवतो, प्रोबच्या वायरींचा रोध वजा केला की शून्य उरतं, आणि अर्थ एकदम चांगला आहे असा निकाल लागतो. पण आपल्याला शोधायचेत २० मिलिओहम. साध्या मीटरवर शेवटच्या आकड्याची चढ-उतारच याहून मोठी असते. शिवाय ओहम मोजताना मीटर जोडातून अगदी नगण्य करंट सोडतो. सतरा तारांपैकी एकच तार टेकलेली असली तरी तेवढा करंट आरामात जातो. खरा लोड आला की तीच तार अपुरी पडते.

म्हणून जोड तपासायचा तो पूर्ण करंट वाहत असताना, आणि मोजायचं ते त्या जोडावर गळणारं व्होल्टेज. यालाच व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. यासाठी महागडं मीटर लागत नाही.

टेस्ट कशी करायची

गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर घ्या. गाण्यावर ही टेस्ट नीट होत नाही, कारण बास येतो-जातो आणि मीटर त्याच्या मागे धावत राहतो. आवाज अशा पातळीला न्या की अ‍ॅम्पवर चांगला लोड येईल पण तो बंद पडणार नाही. सूर एका वेळी दहा सेकंदांच्या वर वाजवू नका, कारण सलग सुरावर वूफरची कॉइल पटकन तापते. मध्ये थांबून तिला निवू द्या. कानात बोळे घालायला विसरू नका.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर. चार आकडे घ्यायचे आहेत.

पहिला आकडा बॅटरीवर: दोन्ही प्रोब थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवा, वायरीच्या क्लॅम्पवर नको. क्लॅम्प आणि पोल यांच्यामधला पांढरा-हिरवा थर हाही एक जोडच आहे, तो मोजमापातून सुटता कामा नये.

दुसरा आकडा अ‍ॅम्पच्या प्लस आणि अर्थ टर्मिनलवर.

तिसऱ्यासाठी एक लांब वायर लागेल. एक प्रोब बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरा अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर. बॉनेटपासून डिकीपर्यंत पोचायला कुठलीही बारीक वायर चालते, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. चौथा आकडा तसाच प्लस बाजूचा: बॅटरीचा प्लस पोल ते अ‍ॅम्पचं प्लस टर्मिनल. इथे एक काळजी हवी. ही लांब वायर कुठे बॉडीला टेकली तर बॅटरी थेट शॉर्ट होईल. त्यामुळे बॅटरीच्या टोकाला एक अँपिअरचा फ्यूज टाकूनच ती वापरा.

तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याची बेरीज केली की पहिला वजा दुसरा एवढं उत्तर यायला हवं. नाही आलं तर लोड मध्येच बदलला किंवा प्रोब चुकीच्या जागी टेकला, म्हणून परत मोजा. हा ताळा मला फार उपयोगी वाटतो. आकडे खरे आहेत की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

अर्थ बाजूला ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. प्लस आणि अर्थ मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जातं. त्यावर गेलं तर कुठेतरी काम करायला हवं.

एक उदाहरण घेऊ. बॅटरीवर १३.६, अ‍ॅम्पवर १०.९. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत गळाले. प्लस बाजूला ०.५, अर्थ बाजूला २.२. ताळा जुळला, दोष अर्थ बाजूला. आता मायनस पोलवरचा प्रोब तसाच ठेवून दुसरा प्रोब एकेक पायरी सरकवा. अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलच्या स्क्रूवर २.२. तिथून निघालेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या टोकावर (थिंबलवर), २.१५. म्हणजे वायर चांगली आहे. आता बोल्टशेजारी बॉडीचा रंग सुईच्या टोकाएवढा खरवडून प्रोब थेट पत्र्यावर टेकवा: ०.४. लग आणि पत्रा यांच्यात बोटभरही अंतर नाही, पण तेवढ्यात १.७५ व्होल्ट गायब. लग रंगावर बसवलेला आहे आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा वाट काढतोय. उरलेले ०.४ बॉडी आणि बॅटरी यांच्यामधल्या पट्टीचे.

मीटर सरासरी दाखवतो हे लक्षात ठेवा. सलग सुरावर १०.९ दिसत असेल तर गाण्यातल्या टोकदार ठोक्याला व्होल्टेज त्याहून खाली जातं. मीटरला मिन-मॅक्सची सोय असेल तर गाणं लावून सर्वांत कमी आकडा पकडा. अ‍ॅम्प का बंद पडतो ते स्पष्ट दिसेल.

अर्थ नीट कसा बांधायचा

कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

जागा निवडताना गाडीच्या मुख्य सांगाड्याचा जाड पत्रा बघा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. त्याचं आवळणं आणि त्याखालचे वॉशर जीव वाचवण्यासाठी आहेत, त्यात लग घुसवणं चूक आहे. मागच्या सीटचे ब्रॅकेट, डिकीतल्या पातळ पट्ट्या हेही टाळा, कारण ते मुख्य बॉडीला दोन-तीन स्पॉट वेल्डवर लटकलेले असू शकतात. नवीन भोक पाडणार असाल तर खाली वाकून पाहा: पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा, यांपैकी काही तिथे नाही ना.

लगच्या आकारापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग गेला म्हणून थांबू नका. रंगाखाली राखाडी प्रायमर असतो आणि तोही करंट अडवतो. पत्रा चकचकीत दिसायला लागला की मगच लग टेकवा. लग थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट, आणि मागून हात पोचत असेल तर नट. पत्र्यात नुसता फिरवलेला स्क्रू ४५ अँपिअरसाठी भरवशाचा नाही. आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे उघडा पत्रा गंजणार नाही. हे वरून लावायचं असतं; लगच्या खाली काहीही नको.

अर्थची वायर प्लसच्या वायरइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लग पकडीने चेपलेला नको, योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलने दाबलेला हवा. अ‍ॅम्पच्या बाजूला, जिथे वायर स्क्रूखाली दाबली जाते, तिथे टोकाला सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रू सैल होतो. त्याऐवजी फेरूल, म्हणजे तारांवर चढवून दाबायची धातूची छोटी नळी, वापरा.

बॉडी ते बॅटरी मायनस ही पट्टी कंपनीने गाडीच्या मूळ लोडसाठी दिलेली असते. तिथे ०.२ व्होल्टच्या वर गळत असेल तर आहे ती तशीच ठेवून शेजारी आणखी एक जाड वायर टाका. मात्र हल्लीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये मायनस पोलवर करंट मोजणाऱ्या सेन्सरचा छोटा डबा असतो. तसं असेल तर नवी वायर पोलवर जोडू नका. सेन्सरच्या पलीकडच्या, बॉडीकडच्या टोकाला जोडा. नाहीतर अ‍ॅम्पचा करंट सेन्सरला चुकवून जाईल आणि चार्जिंगचा हिशेब बिघडेल. याच कारणाने अ‍ॅम्पची अर्थ वायर डिकीतून थेट मायनस पोलपर्यंत ओढायचा सल्ला मी देत नाही.

प्लस बाजूला गळत असेल तर

पहिला संशयित फ्यूज होल्डर. प्रोब त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरवर टेकवा, ०.१ च्या वर आकडा आला तर उघडून पाहा. वितळून पिवळं पडलेलं प्लास्टिक, काळी पडलेली पट्टी, सैल स्क्रू, यांपैकी काहीतरी दिसेलच.

दुसरा संशयित वायर स्वतः. (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड.) ५ मीटर अस्सल तांब्याच्या ८ गेज वायरवर ४५ अँपिअरला जवळपास ०.४६ व्होल्ट गळतात, ४ गेजवर ०.१८. तयार किटमधली वायर मात्र बरेचदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे तोच ८ गेजचा आकडा पाऊण व्होल्टच्या घरात जातो. ओळखायला सोपं आहे: एक बारीक तार घ्या, ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर सावध व्हा. तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली वायर याच्या उलट असते, बाहेरून पांढरी आणि आतून तांबडी, ती चांगली. आणि जाडी वरच्या प्लास्टिकवरून ठरवू नका. जाडजूड आवरणात करंगळीच्या नखाएवढाही धातू नसलेली ‘४ गेज’ बाजारात सर्रास मिळते. खऱ्या ४ गेजमध्ये धातूचा छेद २१ चौरस मिलिमीटर असतो.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि तो वायरच्या क्षमतेला धरून निवडायचा. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर पेटेल. हे मी कुणालाही, कितीही घाईत असला तरी, करू देत नाही.

बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल तर

पहिला आकडाच इंजिन चालू असताना १२ च्या आसपास आला, तर वायरिंगला दोष नाही. बॅटरी थकली आहे किंवा ऑल्टरनेटरच्या ताकदीबाहेरचा लोड तुम्ही मागताय. बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. काही नव्या गाड्यांचा ऑल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम व्होल्टेज कमी करतो. तिथे हेडलाइट आणि एसी लावून परत मोजा. आकडा वर गेला तर ऑल्टरनेटर ठीक आहे.

कपॅसिटरबद्दल लोकांची फार मोठी अपेक्षा असते, म्हणून हिशेब मांडतो. एक फॅरडचा कपॅसिटर एक व्होल्ट खाली येईपर्यंत एक कूलंब विद्युतभार देतो. ४५ अँपिअरला तो सुमारे २२ मिलिसेकंद पुरतो. एका छोट्या ठोक्याची धार तो सांभाळेल, सलग बासपुढे काही करू शकणार नाही. खराब अर्थवर बसवला तर त्याची भरपाईसुद्धा त्याच खराब जोडातून होते.

व्होल्टेज उत्तम, तरीही लाल दिवा

मग स्पीकरची बाजू तपासा. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी त्यावरून सोडवा आणि प्रत्येक वायर ते बॉडी असा ओहम मोजा. कुठलाही आकडा दिसला तर ती वायर दाराच्या किंवा सीटखालच्या पत्र्यात चिरडली आहे. नंतर दोन वायरींमधला रोध बघा: ४ ओहमचा वूफर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनेल जोडून एकच स्पीकर चालवणाऱ्या, अ‍ॅम्पच्या प्रत्येक चॅनेलला त्याचाही निम्मा, म्हणजे १ ओहम दिसतो. बरेच अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, मॅन्युअल बघा.

अर्धा-पाऊण तास चालल्यावरच बंद पडत असेल आणि हात लावल्यावर चटका बसत असेल तर हवा मिळत नाही. कार्पेटखालून बाहेर काढा.

लाल दिवा न लागता नुसताच विझत असेल तर रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देणारी वायर, मोजा; ती बहुधा निळी-पांढरी असते. बंद पडण्याच्या क्षणी तिथे व्होल्टेज कोसळत असेल तर दोष स्टिरिओकडे किंवा त्या वायरच्या जोडात आहे. मात्र काही अ‍ॅम्प पुरवठा पडल्यावरही लाल दिवा न लावता विझतात, म्हणून वरचे चार आकडे आधी घ्यायचेच.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी

ही तक्रार बरेचदा जोडीनेच येते. अर्थ खराब असला की अ‍ॅम्पची अर्थ आणि स्टिरिओची अर्थ वेगवेगळ्या व्होल्टेजवर राहतात. तो फरक स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पला नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि ऑल्टरनेटरची घरघर गाण्यात मिसळते. फिल्टर लावून आवाज दबेल, कारण तसंच राहील. आधी अर्थ दुरुस्त करा.

अर्थ पूर्ण सुटलीच तर अ‍ॅम्पचा करंट त्याच जाळीतून परतायचा प्रयत्न करतो आणि स्टिरिओच्या आतला आरसीएचा अर्थ जळतो. त्यानंतर अ‍ॅम्पची अर्थ कितीही चांगली केली तरी शिट्टी जात नाही. आरसीए काढून स्टिरिओच्या सॉकेटची बाहेरची कडी ते स्टिरिओची धातूची बॉडी असा ओहम मोजा. इथे दोष पूर्ण तुटण्याचा आहे, त्यामुळे ओहम चालतो: शून्याजवळ आलं पाहिजे. नाही आलं तर स्टिरिओ दुरुस्तीला द्या. हे टाळायचं असेल तर जोडताना अर्थ सर्वांत आधी, आरसीए सर्वांत शेवटी, आणि अ‍ॅम्प चालू असताना आरसीए कधीही काढू नका.

दुरुस्तीनंतर

त्याच सुरावर, त्याच आवाजाला चारही आकडे परत घ्या. वरच्या उदाहरणात लगखालचा पत्रा घासला आणि बॉडीची जादा वायर टाकली, तर अर्थ बाजूचा आकडा २.२ वरून ०.१ च्या आसपास यायला हवा आणि अ‍ॅम्पवर १३ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या आकड्यांचा कागद अ‍ॅम्पशेजारी टेपने चिकटवा. महिन्याभराने अ‍ॅम्पचे टर्मिनल स्क्रू एकदा आवळा, कारण नव्या वायरच्या तारा दाबाखाली बसतात आणि थोडी ढिलाई येते. पुन्हा कधी वूफर गप्प झाला तर पहिल्यांदा बॅटरी मायनस ते अ‍ॅम्प अर्थ मोजून त्या कागदाशी ताडून बघा.